ढेकर निघो न निघो

साकोली तालुक्यातलं सानगडी हे किल्ल्याचं आणि धानाचं गाव. रोवणीच्या दिवसांत इकडे झाडीपट्टीत बाळाला पाजून आई बांधीकडे निघाली, की लेकराला खांद्यावर घेऊन पाठ थोपटायचं काम आजीकडे येतं. ढेकर निघाला की आजी मोकळी.

या ढेकराची दखल थेट वेदान्तानं घेतली आहे म्हटलं, तर तिला हसू येईल. सदानंदांच्या ‘वेदान्तसारा’त पंचप्राणांखेरीज आणखी पाच वायूंचं एक मत नोंदवलेलं आहे. त्यात देवदत्त जांभई आणतो, कृकल भूक लावतो आणि ढेकर देतो तो नाग. थोपटणाऱ्या हाताचा तिथे उल्लेख नाही. स्वतः बसून ढेकर देऊ शकणाऱ्यांनीच ही यादी केली असणार!

चरकसंहिता अधिक व्यवहारी. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात रोखू नयेत असे तेरा वेग दिले आहेत, त्यांत ढेकर आहे. तो दाबला तर उचकी, धाप, अरुची. (लोभ, क्रोध, मत्सर यांना मात्र आवरा, असं त्याच अध्यायात पुढे बजावलं आहे.) पण ‘अडवू नका’ हे सांगणं वेगळं आणि ‘काढाच’ हे वेगळं. आजीचा आग्रह दुसऱ्या प्रकारचा.

त्या आग्रहाची परीक्षाही झाली आहे. चंडीगडच्या संशोधकांनी 71 मायलेकरांच्या जोड्या तीन महिने पाहिल्या. ढेकर काढलेल्या बाळांचं पोटदुखीचं रडणं काही कमी झालं नाही. उलट दूध ओकणं वाढलेलं दिसलं. अभ्यास लहान आहे, त्यावरून आजीला कामावरून काढता येणार नाही.

मग फळाची खात्री नसलेलं कर्म का करावं? मीमांसकांनी यावर पुष्कळ खल केला आहे. फळासाठी करायचं ते काम्य, न चुकता करायचं ते नित्य. थोपटण्याला वेदाची आज्ञा नाही, निव्वळ लोकाचार आहे. तरी आजी ते करते नित्यकर्माच्याच निष्ठेनं. आणि इथे मीमांसेतली एक सवलत तिच्या कामाची आहे: काम्य कर्म सर्व अंगांसह व्हावं लागतं, नित्यकर्म जमेल तेवढं केलं तरी पुरतं. तेव्हा खांद्यावरच डोळा लागलेल्या लेकराला ढेकरासाठी हलवून उठवू नये. उताणं निजवावं आणि आपल्या कामाला लागावं.