ताटात काय आणि ताटाभोवती कोण?



आपल्या यावल तालुक्यात सोमवार ते शनिवार घरोघरी जे शिजते, त्यात मांस फारसे नसतेच. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, हिरव्या मिरचीचा ठेचा, हिवाळ्यात वांग्याचे भरीत, भाजी नसेल त्या दिवशी पातोडीचा नाहीतर शेवेचा रस्सा. हे कुणी व्रत म्हणून करीत नाही. शेतात जे पिकते आणि खिशाला जे परवडते ते चुलीवर चढते, एवढाच त्यामागचा विचार. आता मात्र ह्याच जेवणाला नवी नावे मिळू लागली आहेत. सुटीत पुण्या-मुंबईहून घरी आलेली मुले ‘प्लांट-बेस्ड’, ‘व्हीगन’ असे शब्द बोलतात. दुसरीकडे ‘आम्ही शाकाहारी आहोत’ हे वाक्य कधी साधी माहिती म्हणून, तर कधी मोठेपणा म्हणून कानावर येते. म्हणून आज आपण सर्वांनी मिळून एका प्रश्नाचा विचार करावा असे आम्हांला वाटते: धान्य, डाळ, भाजी एवढ्यावर भागवलेले जेवण माणसाला अधिक चांगला माणूस बनवते का?

चुलीजवळचे शहाणपण

प्रथम ह्या अन्नाचा मान ओळखू या. ज्वारी आणि अख्खे उडीद मीठ घालून एकत्र दळले की कळणा होतो. आहारशास्त्र सांगते की धान्यात लायसीन नावाचा प्रथिनांचा घटक कमी असतो आणि डाळींत तो भरपूर असतो; दोन्ही एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपल्या आज्या-पणज्यांना लायसीन हा शब्द ठाऊक नव्हता, पण जात्यात दोन धान्ये एकत्र घालण्याची समज त्यांच्याजवळ होती.

भरताचेही तसेच. बामणोदची मोठी, हिरवट-पांढरी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, भाजलेली मिरची आणि लसूण घालून ठेचायची, वरून शेंगदाणे, कांद्याची पात आणि कोथिंबीर. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्यापूर्वी कितीतरी पिढ्या गरीब-श्रीमंत दोघेही शेताच्या बांधावर बसून हेच भरीत खात आले आहेत. पातोडीच्या रश्श्यालाही तोच काळा मसाला लागतो जो मटणाला लागतो. हातात फक्त बेसन आणि कांदा असताना घरच्यांना ‘आज काही नाही’ असे म्हणायचे नाही, ह्या मायेतून असे पदार्थ जन्मले असावेत.

धर्मग्रंथ काय सुचवतो?

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला अन्न म्हणून बीज देणाऱ्या वनस्पती आणि फळझाडे देतो. मांसाची परवानगी पुढे नवव्या अध्यायात, जलप्रलयानंतर येते. दानीएल आणि त्याचे तीन सोबती बाबेलच्या राजवाड्यात राजाचे पक्वान्न नाकारून दहा दिवस केवळ शाकान्न आणि पाणी घेतात, आणि त्यांचे चेहरे इतरांपेक्षा टवटवीत दिसतात. तेव्हा साध्या शाकान्नाला पवित्र शास्त्रात मानाचे स्थान आहे, ह्यात शंका नाही.

परंतु तेच शास्त्र आपल्याला तेथे थांबू देत नाही. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात पेत्राला यापो येथे दर्शन होते. आकाशातून उतरलेल्या चादरीत नाना तऱ्हेचे प्राणी असतात आणि देवाने शुद्ध केलेल्याला अशुद्ध म्हणू नकोस, असे त्याला बजावले जाते. ह्या दर्शनाचा शेवट पेत्राच्या पोटात होत नाही. ज्याच्या घरी पाऊल टाकायचे नाही असे पेत्र आजवर मानत आला होता, त्या कर्नेल्याच्या उंबरठ्यावर तो होतो. अन्नाविषयीची भिंत पडली ती माणसांमधली भिंत पडावी म्हणून.

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात हीच गोष्ट घरगुती पातळीवर आणली आहे. रोमच्या मंडळीत कुणी सर्व काही खात होते, कुणी फक्त भाजीपाला. पौल दोघांनाही समज देतो. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे पत्र जणू आपल्याच गल्लीसाठी लिहिले आहे.

दोन प्रकारचा गर्व

आपल्या भागात लेवा समाजाची, जैनांची, वारकऱ्यांची अनेक घरे पिढ्यान्‌पिढ्या मांस खात नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारे पावरा आणि तडवी बांधव, तसेच आपण ख्रिस्ती, ह्यांच्याकडे सणावाराला कोंबडी-मटण शिजते. एकाच विहिरीवरचे, एकाच शाळेतले आपण सर्व. अशा ठिकाणी गर्व दोन वाटांनी शिरतो. एक म्हणतो, ‘आम्ही खात नाही म्हणून आम्ही शुद्ध.’ दुसरा म्हणतो, ‘हे गवत खाणारे, ह्यांना काय कळते!’ पहिल्या गर्वाने माणसांना भाड्याची खोली नाकारली जाते, डबा उघडताच बाक बदलले जातात. दुसऱ्याने शेजाऱ्याच्या श्रद्धेची टिंगल होते. दोन्हींचे मूळ एकच आहे.

महात्मा गांधींनी २० नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनच्या शाकाहारी मंडळापुढे भाषण केले. केवळ प्रकृतीसाठी धरलेला शाकाहार टिकत नाही, त्याला नैतिक पाया हवा, असे त्यांनी सांगितले. पण त्याचबरोबर शाकाहारी मंडळींनी सहिष्णुता आणि थोडी नम्रता अंगी बाणवावी, असेही त्यांनी श्रोत्यांना सुचवले. पाच वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, हेच गांधीजी आपल्या तालुक्यातील फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. मांसाहार न करण्याविषयी इतका ठाम असलेला माणूसही नम्रतेची अट घालतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नम्रता सुटली की तिची किंमत लहान मुले मोजतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळी किंवा स्थानिक फळ देण्याची सोय ठेवली. ही तोड आम्हांला उचित वाटली होती. ज्याला अंडे चालते त्याला अंडे, ज्याला चालत नाही त्याला आपल्याच मातीतले केळे, आणि दोघे एकाच पंगतीत. काही संघटनांनी त्याला विरोध केला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यासाठीचा निधी थांबवला. मोठ्यांच्या वादात ज्याच्या घरी अंडे घेण्याची ऐपत नाही, त्या मुलाचे मत कितीजणांनी विचारले?

जीवदया आणि मनुष्यदया

येथे कुणी रास्त प्रश्न विचारील: ‘मुक्या प्राण्याच्या वेदनेचे काय? ती मोजायचीच नाही का?’ अवश्य मोजायची. कॅथोलिक धर्मशिक्षण सांगते की प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांच्याशी दयेने वागणे हे आपले देणे आहे. अन्नासाठी त्यांचा उपयोग करण्यास ते मुभा देते, पण त्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही बजावते. तेव्हा जो केवळ दयेपोटी मांस सोडतो त्याचा आपण आदर केला पाहिजे. जो खातो त्यानेही ते माजाने, नासाडी करून खाऊ नये.

मात्र ताटात झाडाचेच अन्न आहे म्हणून आपल्यावर कुणाचे देणे नाही, असे समजण्याचे कारण नाही. आपले केळेच घ्या. यावल-रावेरची केळी ट्रकांत भरून दूर उत्तरेकडे जाते. तिच्यामुळे ह्या भागात पैसा आला, मुले शिकली. पण केळीला वर्षभर पाणी लागते. बोअरवेल खोल खोल जात राहिल्या आणि भूजल खाली गेले. घड कापणारे, खांद्यावर वाहून गाडीत भरणारे मजूर वेगळेच. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले, ते आपल्या केळीच्या बागेलाही लागू आहे. फळ निष्पाप असेल, व्यवहारही तसाच असेल असे नाही.

शेवटी कोण जेवते?

आता उंबरठ्याच्या आत येऊ या, कारण खरी परीक्षा येथे आहे. मांस-मच्छीशिवाय रोजचा स्वयंपाक चविष्ट करायचा म्हणजे कष्ट फार. डाळ निवडणे, वांगी भाजणे, मसाला वाटणे, एकेक भाकरी थापून तव्यावर टाकणे, उन्हाळ्यात पापड, कुरडया, बिबड्या घालून वर्षाची बेगमी करणे. हे कष्ट कोण करते? आणि गरम भाकरी कुणाच्या ताटात पडते? अनेक घरांत अजूनही प्रथम पुरुष, मग मुले, शेवटी घरची बाई. तिच्या वाट्याला भाकरी येते, पण डाळ पातळ झालेली असते आणि भाजीच्या भांड्यात तेलाचा डाग उरलेला असतो.

ही भावनेची गोष्ट नाही, शरीराची आहे. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. पालेभाज्या व डाळींतील लोह शरीरात मांसातील लोहापेक्षा कमी शोषले जाते. त्यामुळे जिचे जेवण शाकान्नाचेच आहे तिला ते पोटभर आणि नीट मिळणे अधिक गरजेचे आहे. डाळीवर लिंबू पिळावे, त्यातील ‘क’ जीवनसत्त्वाने लोह शोषणाला मदत होते. जेवणाला लागून चहा घेऊ नये. ‘ब-१२’ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, म्हणून दूध-दही किंवा अंडे ज्याला चालते त्याने घ्यावे, आणि ज्यांनी तेही सोडले आहे त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पाहा, एकाच घरात एकच शाकान्न. एकाला ते साधेपणाचे पुण्य वाटते आणि दुसरीला ते अशक्तपणा देते. फरक अन्नात नाही, वाटणीत आहे. नीतिसूत्रांच्या पंधराव्या अध्यायात म्हटले आहे की द्वेषाच्या घरातील पोसलेल्या बैलाच्या मेजवानीपेक्षा प्रेमाने वाढलेली भाजी बरी. त्या वचनात भाजीची थोरवी प्रेमामुळे आहे. प्रेम काढून घेतले तर उरते ती नुसती भाजी.

ह्या आठवड्यात काय करता येईल?

ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे शुक्रवार हा मांसवर्ज्य दिवस, किंवा आपापल्या देशातील धर्मगुरुवर्यांनी ठरवून दिल्याप्रमाणे दुसऱ्या एखाद्या तपाचा दिवस. आपल्यापैकी पुष्कळजण तो पाळतात. यशया संदेष्टा अठ्ठावन्नाव्या अध्यायात विचारतो की उपाशी माणसाशी भाकर वाटून घेतली नाही, तर तो उपवास कसला? म्हणून येत्या शुक्रवारी मांस वर्ज्य करताना आणखी तीन गोष्टी करू या. घरातील पुरुषांनी आणि मुलांनी वाढावे आणि स्वयंपाक करणारीने पहिल्या पंगतीला बसावे. वाचलेले पैसे एखाद्या मजुराच्या घरी डाळ-तेल म्हणून पोहोचावेत. आणि मांस न खाणारा शेजारी घरी येईल तेव्हा त्याच्यासाठी स्वतंत्र भांड्यात, त्याच्या मनाला किंतु राहणार नाही असे शिजवावे. तो आपल्याला बोलावील तेव्हा त्याच्या चुलीचा मान राखून जावे. भावाला अडखळण होणार असेल तर आपण मांसच सोडू, असे करिंथकरांना लिहिणाऱ्या पौलाला हेच अभिप्रेत होते.

मग सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर काय? कळण्याची भाकरी आपोआप कुणाला संत करीत नाही. ती मोडून कुणाला देतो, कुणाबरोबर खातो आणि ती थापणारी जेवली की नाही हे विचारतो का, ह्यावर ते ठरते. तेव्हा आज दुपारी मिस्साहून घरी गेल्यावर, पहिला घास घेण्यापूर्वी, आपण सर्वांनी एवढेच पाहावे की घरातले सगळे जेवायला बसले आहेत ना.