बंदरावरची खानावळ

मालवणला आगबोट धक्क्याला लागत नसे. किल्ल्याभोवतीचा समुद्र खडकाळ, म्हणून ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या करंड्या असं सगळं पडावातून ने-आण व्हायचं. बोटीची वेळ कागदावर एक आणि दर्यावर दुसरी. वारा फिरला की खोळंबा ठरलेला. बंदराजवळच्या खानावळी या खोळंब्यावर जगल्या. आतल्या गावांतून बैलगाडीने, पुढे एसटीने आलेला माणूस आदल्या रात्रीच बंदरावर येऊन थांबायचा. त्याला पोटभर जेवण हवं असे आणि रात्रीपुरती पथारी टाकायला ओटीचा एखादा कोपरा. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत हॉटेलं उभी राहिली ती अशी, राहत्या घराच्या पडवीतून. तेव्हा समुद्र बघायला कोणी येत नव्हतं. पोटासाठी मुंबईला जायचं तर वाट समुद्रावरून होती, म्हणून येत होते.

माझ्या आजीची खानावळ त्यांतलीच एक. परवाना आजोबांच्या नावावर होता, वहीही आजोबांच्याच अक्षरात. लाल कापडी पुठ्ठ्याची ती वही अजून आमच्या घरी आहे. महिन्याचे मेंबर त्यात त्यांच्या कामावरून ओळखले जातात: कस्टमचे शिपाई, कोर्टातले कारकून, टोपीवाला हायस्कुलातले मास्तर. पावसाळ्यात दर्या खवळला की बोटी बंद, मग नारळी पौर्णिमा उलटून दर्या शांत होईपर्यंत चूल याच मेंबरांवर चाले. प्रत्येक नावापुढे खाड्यांचे बारीक गोल आहेत. कोण कुठल्या दिवशी जेवायला आला नाही, त्याचे पैसे वजा. हिशेब चोख आहे, आणि वही चाळताना मला वर्षानुवर्षं वाटत आलं की खानावळीचा सगळा इतिहास हाच.

आत्याने मग एकदा वेगळंच सांगितलं. आजीला लिहिता येत नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर कोळशाने रेघा ओढायची. कोण जेवला, कोणी दुसऱ्यांदा भात घेतला, कोणाचं पोट बिघडलं म्हणून नुसती पेज दिली, प्रत्येकाची खूण निराळी. रात्री आजोबा कंदील घेऊन चौकटीपाशी बसत आणि त्या रेघांवरून वही भरत. म्हणजे मूळ दप्तर चौकटीवर होतं, आमच्या हातात आहे ती नक्कल. दरवर्षी दिवाळीच्या आधी घराला चुना काढला जाई आणि चौकटही घासून धुतली जाई.

तेव्हापासून जुन्या हॉटेलांच्या आठवणी कोणी सांगायला लागलं की माझं लक्ष आधी जातं ते कोण सांगतंय इकडे. बहुतेक वेळा सांगणारा जेवून उठलेला असतो. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, काळ्या वाटाण्याचं सांबार, शेवटी वाटीभर सोलकढी, असं सांगताना त्याचा आवाज भरून येतो. ही आठवण खरी आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. एकदा बाजारात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला थांबवून, मी कोणाची नात ते विचारून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या आजयेन माका पेज दिल्यान नि पैशे घेवक नाय." पोरवयात पहिल्यांदाच मुंबईहून बोटीने परत येताना त्यांना बोट लागली होती. पडावातून उतरले तेव्हा उभं राहवत नव्हतं. आजीने उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याचा खार समोर ठेवला. वहीत या पेजेची नोंद असण्याचा प्रश्नच नव्हता, पण त्या माणसाने ती जन्मभर जपली.

हीच माणसं मुंबईला पोचली की पुन्हा कुठल्या तरी बाईच्याच हातचं जेवायची. लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गिरणी कामगारांना खानावळवाल्या बायका जेवू घालत. त्यातल्या कितीतरी कोकणातल्याच. सावकाराच्या कर्जातून त्यांची मान सुटावी म्हणून प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं, आणि मग या बायका निदान कागदावर तरी आल्या. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या. त्याच दशकात इकडची प्रवासी बोटही थांबत गेली. बोटीच्या दोन्ही टोकांच्या चुली एकाच सुमाराला थंडावल्या. मला या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. मालवणच्या खानावळीचा इतिहास लिहायला बसावं तर निम्मी पानं गिरणगावात जातील.

चिं. त्र्यं. खानोलकरांच्या घरची कुडाळात खानावळ होती, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे, कारण ते पुढे आरती प्रभू झाले. ज्या खानावळीत कवी निपजला नाही, तिचं कोण सांगणार?

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती जेवून उठलेला माणूस सांगत नाही. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं. जिल्ह्याच्या गावी सावरकरांनी 1933 मध्ये 'अखिल हिंदू उपाहारगृह' काढलं. ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांच्यासकट सगळ्यांना तिथे एकत्र बसून चहा-फराळ घेता यावा, म्हणून. असं हॉटेल मुद्दाम काढावं लागलं, यातच बाकीच्या हॉटेलांत काय चालत होतं ते आलं. दाराबाहेर ठेवलेली निराळी कपबशी, ज्याने प्यायची त्यानेच विसळून पुन्हा जागेवर ठेवायची. आमच्या पडवीतही पंगत जात विचारूनच बसत होती. आत्याला याबद्दल विचारलं की ती गप्प होते, मग दुसरंच काहीतरी बोलू लागते. मी तिला दोष देत नाही. पण ज्यांना उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागलं, त्यांच्या घरी या खानावळीची आठवण काय असेल, हे विचारल्याशिवाय आमच्या घराचा इतिहास मी पुरा मानायला तयार नाही. पेज फुकट देणारी आजी आणि पंगतीला जात विचारणारी आजी एकच होती. तिच्यावरचं माझं प्रेम हे कळल्याने कमी झालेलं नाही. ती मला आता अधिक नीट दिसते, इतकंच.

1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. रेल्वे मालवणात येत नाही, कुडाळला किंवा कणकवलीला उतरून यावं लागतं, तरी माणसं लोटली. तारकर्ली, वायरी, दांडी इथल्या घरांनी खोल्या बांधल्या, अंगणात टेबलं आली. आता लोक समुद्र बघायलाच येतात. बरकत आली याचा मला मनापासून आनंद आहे. पोरं गावात राहिली, मुंबईच्या वाटेला लागली नाहीत, हे आजीला पटलं असतं. फक्त नव्या हॉटेलांच्या भिंतींवर जुन्या बंदराचे मोठे फोटो लागतात, त्यांत पडाव दिसतात, किल्ला दिसतो, टोपीवाले पुरुष दिसतात. चुलीपाशी बसलेली बाई एकाही फोटोत मला सापडलेली नाही.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. अलीकडे सकाळच्या चहाला मी तिच्याजवळ बसते आणि एकेक विचारते. जेवणाचं विचारलं की ती पाककृती सांगते, पण कामाचं विचारलं की माणसं आठवतात तिला. पाण्याच्या कळशा कोण आणायचं, मासळी कोणाकडून यायची, ती उधारीवर यायची का. परवा तिने सांगितलं की रोजचं वाटप आजी करत नसे. पहाट व्हायच्या आत दांडीवरून एक बाई यायची, मागल्या दाराने. पाट्यावर खोबरं आणि मिरच्या वाटून उजाडायच्या आत निघून जायची. ज्या तिखल्यासाठी लोक आमच्या घराचं नाव घेतात, त्याचं वाटप तिच्या हातचं होतं. तिचं नाव आत्याला लगेच आठवलं नाही. आठवायला तिला दोन दिवस लागले.

त्या बाईचा नातू दांडीला पर्यटकांना खोल्या देतो. त्याला मी ओळखते, बाजारात भेटतो, हसतो. तो कोणाचा नातू आहे, हे मात्र आजवर मला माहीत नव्हतं. या रविवारी त्याच्याकडे जायचं ठरवलंय. त्याच्या आजीला आमच्या घरून महिन्याला काय मिळायचं, जेवण मिळायचं का, आणि मिळत असेल तर ती कुठे बसून जेवायची, एवढं मला त्याला विचारायचं आहे. लाल वही बरोबर घेऊन जाणार आहे. मागची बरीच पानं कोरी आहेत.