चूक नेमकी कुठली?

आजोबा हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्याला चाळीस वर्षं झाली. आता ऐंशी पार केल्यावर त्यांना एकच घोर लागलाय. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये आणि पीपीओवर आजीचं नाव 'सुलोचना' आहे, आधारवर 'सखू'. त्यांच्यामागे आजीची फॅमिली पेन्शन यातच अडकू शकते.

अर्ज मी भरत होते. 'चुकीचं नाव' लिहायची वेळ आली आणि हात थांबला. चुकीचं कुठलं? 'सुलोचना' लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं. सुट्टी संपवून गेल्यावर आजोबांनी युनिटमध्ये तेच नोंदवलं. 'सखू' माहेरचं.

आजोबा म्हणाले, "आधारच बदलू. सोपं पडेल."

आजी म्हणाली, "आधारच्या वेळी मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, नाव काय तुमचं? ते तेवढं राहू द्या."

कागदाला कागद जुळला की नोंद खरी, असं आपण धरून चालतो. पण जिची नोंद आहे तिला न विचारता लिहिलेलं नाव, जुळलं तरी, खरं म्हणायचं का?

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी रेकॉर्डमधल्या दुरुस्तीच्या अर्जावर सही केली. वेळ लागेल, हे त्यांना ठाऊक आहे.