धुऱ्यावरचा पळस

आमच्या चांदूर रेल्वेकडे फूल दिसलं की माणूस आधी हिशेब करतो. पऱ्हाटीला पात्या किती, फुलं किती, त्यातली बोंडं किती धरतील. तूर फुलोऱ्यावर आली आणि पहाटे धुवारी पडली, की घरात त्या दिवशी कोणी धड बोलत नसे. लहानपणी एकदा मी पऱ्हाटीची सहा फुलं तोडली, बैलाच्या शिंगाला बांधायला. बाबांनी मारलं नाही. फुलं हातात घेऊन ते एवढंच म्हणाले, "हे फुलं नाई बापा, बोंडं हायेत. तू सहा बोंडं तोडले."

तेव्हापासून मनात बसलं, की फुलाकडे नुसतं पाहणं हे पोट भरलेल्याचं काम.

पुढं मास्तरकीतून मोकळा झालो आणि फागनात मुलाकडे बंगलोरला गेलो. तो जयनगरला राहतो. आपल्याकडे तेव्हा ऊन चटके देऊ लागलेलं असते. तिथं समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट उंचीवर सकाळी अंगावर सदरा गार लागतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टॅबेबुया फुललेला, पानं कमी आणि गुलाबी फुलंच जास्त. मुलानं सांगितलं, हे आपोआप झालेलं नाही. क्रुंबिगेल नावाचे जर्मन गृहस्थ १९०८ साली म्हैसूर संस्थानात आले आणि १९३२ पर्यंत त्यांनी सरकारी बागांचं काम पाहिलं. एका जातीचा बहर सरला की दुसरीचा यावा, शहरात बारा महिने काहीतरी फुललेलं असावं, अशा बेतानं त्यांनी झाडं निवडली. मी रोज फिरायला जाऊ लागलो. आयुष्यात पहिल्यांदा फूल पाहिलं आणि मोजलं नाही.

एका सकाळी रस्ताभर फुलांचा सडा पडला होता. नात म्हणाली, "आबा, लवकर फोटो काढा, आता झाडून टाकतील." मी फोटो काढला. मग मान वळवली तर कोपऱ्यावर झाडूवाली बाई उभी. आमचा फोटो होण्याची वाट पाहत. सबंध गल्ली तिला झाडायची होती. आम्हाला जो सडा होता, तो तिच्यासाठी कचरा होता, आणि बहर जितका मोठा तितकी तिची कंबर जास्त वेळ वाकणार होती. मला कानडी येत नाही. आलं असतं तरी काय बोललो असतो?

त्या दिवशी फिरण्यात मन लागलं नाही. फुलं तीच होती, पण बाबांचं बोलणं आठवत राहिलं. आपण फुकट पाहतो त्या फुलाचं मोल कोणीतरी देतच असते काय? मग ते पाहणं पाप म्हणायचं?

विचार करता करता मला आमच्या धुऱ्यावरचा पळस आठवला. त्याच्या सावटात तीन तासं पऱ्हाटी दरवर्षी खुरटी राहायची. पानांच्या पत्रावळ्या व्हायच्या हे खरं, पण पळसाला आमच्याकडे काय तोटा? पोहऱ्याच्या जंगलात हवा तेवढा. मोठा झाल्यावर मी एकदा विचारलं होतं, "बाबा, हे झाड कायले ठेवलं?" ते वखर थांबवून म्हणाले, "राहू दे. फागनात बरं दिसते."

सहा फुलांसाठी लेकराला बोलणारा माणूस तीन तासं पऱ्हाटी त्या झाडापायी दरसाल सोडून देत होता. म्हणजे त्यांना फूल पाहता येत नव्हतं असं नाही. ते पाहत होते, आणि त्याचं मोल स्वतःच्या वावरातून देत होते. फुलाचा आनंद भरल्या पोटाचाच असतो, हे माझं चुकलं होतं.

बाबा गेले. वावर आता मी मक्त्यानं देतो. बंगलोरहून परतलो तर मक्तेदार दारात. म्हणाला, "मास्तर, तो पयस तोडू काय? तीन तासं वाया जातेत."

मी पटकन 'नको' म्हणणार होतो. जीभ थांबली. बाबांनी पळस राखला तेव्हा तूट त्यांची होती. आता पाहणारा मी, आणि तूट मात्र त्याची. झाडूवालीच्या गल्लीत मी उभा होतो तसाच इथंही उभा होतो. फरक एवढाच, की इथली भाषा मला येत होती. मी म्हटलं, "झाड राहू दे. तीन तासांचा मक्ता तू देऊ नको."

त्यानं माझ्याकडे जरा नवलानंच पाहिलं आणि होय म्हटलं. दरसाल तेवढे पैसे कमी येतात. फागनात मी धुऱ्यावर जाऊन बसतो, आणि पळस निवांत पाहतो.

बंगलोरच्या त्या बाईचं मात्र काही करता आलं नाही. पुन्हा गेलो तेव्हा नातीला इतकंच सांगितलं, की ती आली की आपण आधी बाजूला व्हायचं. फोटो राहिला तर राहिला.