सर्जनचे हात कुणासाठी?



बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांत एकच विषय असतो. मुलाला मेडिकलला प्रवेश मिळेल का? मिळाला तर फीचे काय? कोणी वाडीचा तुकडा विकण्याचा विचार करतो, कोणी कर्जासाठी बँकेत खेटे घालतो. एखादी मुलगी कमी गुण पडले म्हणून पुन्हा वर्षभर क्लासला बसते. आईवडील हे सारे प्रेमापोटीच करतात. पण या धावपळीत एक प्रश्न बहुधा विचारायचा राहून जातो. सर्जन व्हावे असे माणसाला मुळात का वाटते? आणि ती इच्छा खरी आहे की नाही, हे कशावरून ओळखायचे?

कारणे अनेक असतात. पैसा, मान, आईवडिलांची इच्छा, घरातील कुणाचे तरी आजारपण, हाताने बारीक काम करण्याची आवड. यांतले एकही कारण लाज वाटावी असे नाही. शिवाय कोणी सरळ विचारील, की अपेंडिक्स फुटून रोगी टेबलावर असताना सर्जनच्या मनात काय आहे याच्याशी आपल्याला काय करायचे? त्याचा हात स्थिर असला म्हणजे झाले. हे म्हणणे खोटे नाही. मनात दया ओसंडते आहे, पण हाताला शिक्षण नाही, अशा माणसाच्या हाती सुरी देणे म्हणजे रोग्याचा घात करणे होय. मग प्रेरणेला महत्त्व ते कितीसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला डॉ. पॉल ब्रँड यांच्या जीवनाचा फार उपयोग झाला.

ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात झाला. आईवडील इंग्रज मिशनरी होते. वडील पूर्ण शिकलेले डॉक्टर नव्हते, पण औषधोपचाराचे थोडे शिक्षण घेऊन आले होते. डोंगरात दुसरे कोणीच नसल्यामुळे दात काढण्यापासून गळवे फोडण्यापर्यंत सर्व काही तेच करीत. लहानग्या पॉलने वडिलांना रोग्याच्या पायातून नारू काढताना पाहिले, रक्त व पू पाहिला. त्याला त्याची इतकी शिसारी आली, की आपण डॉक्टर कधीच व्हायचे नाही असे त्याने मनाशी ठरवून टाकले. पुढे तो शिक्षणासाठी इंग्लंडला गेला. १९२९ साली वडील मलेरियाच्या जीवघेण्या तापाने वारले. शाळा संपल्यावर मुलगा सुतारकाम आणि घरबांधणी शिकू लागला. मिशनमध्ये जायचे ते घरे बांधण्यासाठी, असा त्याचा बेत होता.

मिशनमध्ये जाणाऱ्यांसाठी औषधोपचाराचा एक छोटा अभ्यासक्रम असे. तो करताना लंडनच्या एका इस्पितळात त्याने अपघातात सापडलेली एक तरुणी पाहिली. रक्त वाहून गेल्यामुळे ती पांढरीफटक पडली होती, जवळजवळ गेल्यातच जमा होती. तिला रक्त चढवण्यात आले. हळूहळू तिच्या गालांवर लाली परतली, ती शुद्धीवर आली. ते पाहून त्या तरुण सुताराचे मन पालटले. तो वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, लंडनवर बाँब पडत असताना, शस्त्रक्रिया शिकला.

इथेच गोष्ट संपली असती, तर आपण म्हटले असते की ती रक्ताची बाटली हीच त्याची प्रेरणा. पण मरणाऱ्याला परत आणण्याच्या सामर्थ्याने कुणीही दिपून जाईल. त्या सामर्थ्याचा मोह पडणे वेगळे आणि समोरच्या माणसाची काळजी वाटणे वेगळे. पुष्कळदा आपण पहिल्यालाच दुसरे समजून बसतो.

१९४६ साली डॉ. ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. हाडे व सांधे हा त्यांचा विषय. पुढच्याच वर्षी कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांना चिंगलपेटचे कुष्ठधाम दाखवले. आवारात बसलेल्या रोग्यांची आत वळलेली बोटे पाहून ब्रँड विचारू लागले, की हे हात असे का होतात आणि यांच्यासाठी काय केले जाते? कॉक्रेन यांचे म्हणणे असे, की आपण त्वचेचे डॉक्टर. हाडांचे डॉक्टर तुम्ही आहात, आणि तुमच्यापैकी कोणी या रोग्यांकडे आजवर वळलेलेच नाही.

तेव्हा ब्रँड यांनी एका रोग्याच्या वाकड्या हातात आपला हात दिला आणि जोराने दाबायला सांगितले. त्या हातात काही बळ उरले असेल असे त्यांना वाटले नव्हते. पण पकड इतकी जबर होती की त्यांना कळ आली. ती कळ लागताच त्यांच्यातला सर्जन जागा झाला. पकडीला एवढे बळ आहे, म्हणजे या हाताचे काही स्नायू अजून चांगले आहेत! मेलेल्या स्नायूंचे काम या जिवंत स्नायूंकडून करून घेता येणार नाही काय?

१९४८ साली त्यांनी अशा हातावर पहिली शस्त्रक्रिया केली. चांगल्या स्नायूची दोरी वळवून ती लुळ्या बोटांना जोडायची आणि मग रोग्याने महिनोन्महिने सराव करून बोटे पुन्हा हलवायला शिकायचे, अशी ती पद्धत. कुष्ठरोग्याचे मांस वाईट असते, जखम भरत नाही, असा त्या काळी समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले की जखम इतरांसारखीच भरते. बोटे आपोआप झडत नाहीत. हाताला वेदना कळत नाही, म्हणून तो भाजतो, कापतो, त्यात पू होतो आणि बोटे जातात.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू या. चिंगलपेटला येण्यापूर्वीही ब्रँड कुशल सर्जन होते. जगात त्यांच्यासारखे कुशल सर्जन आणखी पुष्कळ होते. कुष्ठरोगीही लाखोंनी होते. कमतरता कौशल्याची नव्हती. त्या रोग्यांकडे कुणी पाहिले नव्हते, एवढीच कमतरता होती. म्हणून मला वाटते, आपल्या हातून काय होऊ शकेल हे कौशल्य ठरवते, पण आपण कुणाकडे पाहणार हे प्रेरणा ठरवते. टेबलावर पडलेल्या रोग्याला सर्जनचे मन न कळले तरी चालेल. पण जो टेबलापर्यंत कधी पोहोचतच नाही, त्याचे सारे भवितव्य त्या मनावरच अवलंबून असते.

ज्या संस्थेत ब्रँड आले, तिच्या मुळाशीही अशीच गोष्ट आहे. आयडा स्कडर ही अमेरिकन मिशनरी डॉक्टरची मुलगी. एका रात्री तीन घरांतील पुरुष एकामागून एक तिच्या दाराशी आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. तिचे वडील डॉक्टर होते, ते घरातच होते. पण परपुरुषाने आपल्या बायकोला हात लावणे त्या तिघांनाही मान्य नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. कौशल्य घरात हजर होते, पण ते त्या बायकांपर्यंत पोहोचत नव्हते. त्या रात्रीनंतर आयडाने डॉक्टर व्हायचे ठरवले. १८९९ साली ती पदवी घेऊन बाहेर पडली आणि वेल्लोरला परतून तिने कामाला सुरुवात केली.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. हात सरळ झालेला एक रोगी ब्रँड यांच्याकडे तक्रार घेऊन आला. त्याचे म्हणणे असे, की हे हात भीक मागायला चांगले नाहीत; पूर्वी वाकडे हात पाहून लोक पैसे टाकत, आता टाकत नाहीत आणि कामही देत नाहीत. दुसरा एखादा म्हणाला असता, माझे काम संपले, शस्त्रक्रिया यशस्वी झाली. ब्रँड यांना मात्र जाणवले की आपण हात दुरुस्त केला, माणूस अजून तिथेच आहे. पुढे वेल्लोरमध्ये अशा रोग्यांसाठी ‘नवजीवन केंद्र’ सुरू झाले. तिथे रोगी कामधंदा शिकू लागले, लाकडी खेळणी बनवू लागले. सुतारकामाची जी वर्षे वाया गेली असे वाटावे, ती तिथे कामाला आली. परमेश्वर माणसाच्या आयुष्यातील काहीही वाया जाऊ देत नाही, असे आपण म्हणतो ते असे.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात कुष्ठरोगी येशूकडे येतो. प्रभू नुसत्या शब्दाने त्याला बरे करू शकला असता. तरी त्याने आधी हात पुढे केला, त्याला स्पर्श केला. आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. तरीही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या भारतात सापडतात, आणि भीतीमुळे अनेक जण डॉक्टरकडे उशिरा जातात. ज्यांच्याकडे कुणी पाहत नाही असे लोक अजून संपलेले नाहीत.

तेव्हा पालकांनो, रक्त पाहून तुमच्या मुलाला भोवळ येत असेल तर एवढ्यावरून त्याच्याविषयी निर्णय देऊ नका. पॉल ब्रँडलाही शिसारी आली होती. आणि ज्या मुलाला गुण भरपूर आहेत, त्याला केवळ गुण आहेत म्हणून मेडिकलला ढकलू नका. “तू कोण होणार?” हे आपण मुलांना पहिलीपासून विचारत असतो. एखाद्या संध्याकाळी रोझरी झाल्यावर, “तुझ्या पाहण्यात असा कोण आहे, ज्याच्याकडे कुणाचे लक्ष नाही?” असे विचारून बघा. उत्तर लगेच येणार नाही. कदाचित ते सर्जनच्या कामाकडे नेईल, कदाचित शाळेकडे, शेताकडे किंवा सुतारकामाकडेही नेईल. कुठेही नेले, तरी आपले शिक्षण कुणासाठी आहे हे त्या मुलाला ठाऊक असेल. आपली कर्जे आणि आपले कष्ट तेव्हाच सार्थकी लागतील.