बाकाबाहेरची विद्या

एखादी विद्या माणसास येते एवढे पुरेसे आहे, की ती त्याने कोणत्या बाकावर बसून मिळविली हेही त्याने सिद्ध केले पाहिजे? प्रश्न जुनाच आहे. पण दुर्गला बदली होऊन आल्यावर आमच्या टेबलावरील एका कागदाने तो आमच्यापुढे असा उभा केला की, त्याचे समाधानकारक उत्तर आम्हांस अद्याप देता आलेले नाही.

कागद पदोन्नतीचा होता. आमच्या तेव्हाच्या कार्यालयात एक पंप-मिस्त्री होते. नोकरी सव्वीस वर्षांची. वरच्या जागेस दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक, आणि मिस्त्रींची शाळा आठवीतच सुटलेली. वैशाखात शिवनाथ नदीचे पाणी खाली गेले की नदीकाठचे पंप पाणी सोडू लागत. अशा वेळी हा गृहस्थ नुसत्या आवाजावरून दोष कोठे आहे ते सांगे. हे आम्हांस चांगले ठाऊक होते. तरीही फाइलवर आम्ही लिहिले, 'अर्हता पूर्ण होत नाही, सबब विचार करता येत नाही.' वाक्य निर्दोष होते. आपल्यापैकी पुष्कळांना अशी वाक्ये झोपेतही लिहिता येतात.

हे ज्या गावी घडले त्या गावाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेथे कामास लागलेल्या कितीतरी माणसांनी पोलाद आधी पाहिले आणि त्याविषयी वाचले मागाहून, किंवा वाचलेच नाही. रशियन तंत्रज्ञांच्या शेजारी उभे राहून, भाषा कळो न कळो, त्यांनी विद्या उचलली. ती विद्या खोटी असती तर भट्टीने ते तत्काळ सांगितले असते. भट्टी कोणाची भीड ठेवीत नाही.

मग शाळेच्या वहीत या विद्येला जागा का नाही? याचे कारण शोधू लागले की एक मौज आढळते. शिक्षण तासांवर मोजण्याची रीत अमेरिकेत रूढ झाली ती १९०६ च्या सुमारास, म्हणजे जेव्हा इकडे दुर्ग जिल्हा नव्याने निर्माण झाला त्या वेळी. कार्नेगी प्रतिष्ठानास प्राध्यापकांना निवृत्तिवेतन द्यावयाचे होते. कोणते महाविद्यालय त्यास पात्र, हे ठरविण्यासाठी प्रवेशार्थी विद्यार्थ्याने माध्यमिक शाळेत किती शिकलेले असावे याचे माप हवे होते. म्हणून एका विषयाचे सुमारे १२० तास, असे एक एकक ठरले. पेन्शनच्या हिशेबातून निघालेले हे माप पुढे विद्येचेच माप होऊन बसले. पेन्शनचा महिमा तुम्हांआम्हांस सांगावयास नको.

आपल्याकडे ही गाठ सैल करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय निघाले; रोज वर्गात न बसता परीक्षा देण्याची, पूर्वी उत्तीर्ण झालेल्या काही विषयांचे गुण पुढे नेण्याची सोय तेथे आहे. २०१५ पासूनच्या कौशल्य विकास योजनेत कारागिराचे आधीचे ज्ञान तपासून त्यास प्रमाणपत्र देण्याची तरतूद झाली. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने तर अनुभवालाही श्रेयांक देण्याचे तत्त्व मान्य केले. परंतु त्याही आराखड्यात एक श्रेयांक म्हणजे तीस तास! घड्याळ काही भिंतीवरून उतरत नाही.

या बाबतीत अमेरिकेतील टेक्सास राज्याचा नियम आम्हांस फार बोलका वाटतो. तेथील शाळकरी मुलास एखाद्या विषयाची परीक्षा देऊन, वर्गात न बसता, त्याचे श्रेय मिळविता येते. तो विषय त्याने पूर्वी शिक्षकाकडे शिकलेला असेल तर शंभरात सत्तर गुण पुरतात. मुळीच शिकलेला नसेल तर ऐंशी लागतात. यावर कोणी म्हणेल की, जो वर्गात बसला त्याच्याविषयी शिक्षकाची साक्ष असते, दुसऱ्याविषयी ती नाही, म्हणून पुरावा अधिक मागितला. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. तरीपण एकच ज्ञान, एकच प्रश्नपत्रिका, आणि स्वतःच्या बळावर शिकलेल्यावर दहा गुणांचा दंड, हे मनाला लागून राहते.

बदलीवाल्यांच्या मुलांना हा दंड निराळ्या रूपाने भरावा लागतो. महाराष्ट्रातील शाळेत जे बीजगणित झाले तेच नव्या गावी पुन्हा, आणि जे झालेच नाही ते येथे गेल्या वर्षीच उरकलेले! कोणी त्या मुलास जवळ बसवून 'तुला काय येते?' असे विचारीत नाही; 'कोठून आलास?' एवढेच विचारतात. आम्ही स्वतः बाप या नात्याने मुख्याध्यापकांपुढे याबद्दल तावातावाने बोललो आहो. मिस्त्रींच्या फाइलवर तेच आम्ही मुख्याध्यापक झालो होतो, हे त्या वेळी ध्यानात आले नाही.

या जिल्ह्यातच एक मोठे उदाहरण आहे. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या. आजोबांच्या तोंडून ऐकलेले महाभारत त्यांनी कंठस्थ केले आणि पंडवानीच्या रूपाने ते देशोदेशी नेले. भिलाईच्या पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली, विद्यापीठाने सन्माननीय डी.लिट. दिली, २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. यात विद्येचा गौरव झाला हे खरेच. पण सन्मानाची एक सोय असते: त्यात परीक्षकाला काही तपासावे लागत नाही. शाळा आपला नियम जागच्या जागी ठेवते आणि अपवादाच्या गळ्यात हार घालते. जो तीजनबाई नाही, नुसता चांगला मिस्त्री आहे, त्याच्यासाठी ना हार ना परीक्षा.

त्यांच्या महाभारतातच एकलव्य आहे. अंगठ्याबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले. आम्हांस आठवते ते कुत्र्याचे तोंड. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण भरलेले पांडवांनी पाहिले, तेथेच परीक्षा पार पडली होती. असे धनुर्धारित्व आपल्याजवळ नाही हेही त्यांनी ओळखले. त्यानंतरचा प्रश्न मात्र 'तू कोण, कोणाचा?' हाच. आणि जे शिकविले नाही त्याची दक्षिणा घेतली गेली.

एवढे लिहून आम्ही थांबलो असतो तर मिस्त्रींच्या बाजूने निकाल लागला असता. पण त्यांनीच तो थोडा फिरविला. आमच्या त्या शेऱ्यानंतर, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी एका मुक्त शाळेतून दहावीचा अर्ज भरला. पहिल्या खेपेस विज्ञानात नापास झाले. दुसऱ्या खेपेस सुटले. पदोन्नतीची जागा तोवर भरली गेली होती. तरी पेढे घेऊन घरी आले.

आम्ही ओशाळून काही बोलू लागलो, तर त्यांनी विज्ञानाच्या पुस्तकाची गोष्ट काढली. नदीचे पाणी पंपापासून बावीस-चोवीस फुटांपेक्षा खाली गेले की पंप ओढत नाही, त्याला खाली उतरवावे लागते, हे त्यांना पंचवीस वर्षे ठाऊक होते. त्यांची समजूत अशी की पंपाचा जोर कमी पडतो. पुस्तकात त्यांना आढळले की पंप पाणी ओढीतच नाही. पंप फक्त नळीतील हवा काढून घेतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. तो दाब फार तर दहा मीटर, म्हणजे चौतीस फूट, पाणी तोलून धरील. प्रत्यक्षात त्याहूनही कमी. पंप कितीही मोठा आणला तरी फरक पडावयाचा नाही.

म्हणजे बाकापाशी त्यांना देण्यासारखे काहीतरी होते. फक्त ते एवढेसे होते. आणि ते नेमके कोणते, हे शोधण्यासाठी कोणीतरी आधी त्यांच्याशी पंपाविषयी अर्धा तास बोलावयास हवे होते. त्यासाठी बोलणाऱ्यास पंप कळावा लागतो. दाखला तपासण्यास काहीच कळावे लागत नाही.

मिस्त्री उठता उठता म्हणाले, 'साहेब, आपण तर विज्ञान घेऊन मॅट्रिक झालेले. हे हवेचे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असेल.'

आम्ही मान हलविली.