दीड माणसाचा हिशेब



मागच्या पौर्णिमेला एका वस्तीतल्या विहारात प्रवचन संपल्यावर एक माऊली उभी राहिली. तिच्या कुटुंबाने धम्मदीक्षा घेऊन वर्षही झाले नव्हते. ती म्हणाली, "गुरुजी, ब्रह्मदेशात ज्या सैनिकांनी मुसलमानांना मारले ते बौद्ध होते म्हणे. मग आम्ही धर्म बदलून काय मिळवले?"

प्रश्न सरळ आहे. त्याला बगल देणे म्हणजे चौथे शील मोडणे. म्हणून आज त्याच प्रश्नाचे उत्तर सर्वांसमोर देतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांना त्रिसरण-पंचशील दिले ते भदन्त चंद्रमणी महास्थविरांनी. ते राहात कुशीनगरला, पण मूळचे आराकान प्रांतातले. त्या प्रांताला आज राखाइन म्हणतात आणि ब्रह्मदेशाला म्यानमार. म्हणजे "मी जीवहत्येपासून दूर राहीन" हे पहिले शील ज्यांच्या मुखातून दीक्षाभूमीवर उच्चारले गेले, ते आराकानचे सुपुत्र होते. आणि त्याच आराकानात पुढे जे घडले ते आता ऐका.

राखाइनमध्ये बौद्ध राखाइन आणि मुसलमान रोहिंग्या पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहात आले. १९८२ च्या कायद्याने बहुतेक रोहिंग्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. २०१२ मध्ये दोन्ही समाजांत मोठ्या दंगली झाल्या. २५ ऑगस्ट २०१७ रोजी रोहिंग्यांच्या एका सशस्त्र गटाने सुमारे ३० पोलीस चौक्यांवर आणि एका लष्करी तळावर हल्ले केले. त्यांत सुरक्षा दलांचे बारा जण मेले. तीही जीवहत्याच होती. तिचे समर्थन आपण करणार नाही. पण त्यानंतर लष्कराने हल्लेखोरांपुरते थांबण्याऐवजी गावेच्या गावे पेटवली. सात लाखांहून अधिक माणसे जीव मुठीत धरून बांगलादेशात गेली.

समुद्रकाठी इन दिन नावाचे गाव आहे. तिथे सैनिकांनी दहा रोहिंग्या पुरुषांना पकडले. त्यांत मासेमारी करणारे होते, दुकानदार होते, एक धर्मशिक्षक होता, शाळेत शिकणारी दोन मुले होती. त्यांना एका रांगेत गुडघ्यांवर बसवले. २ सप्टेंबरच्या सकाळी त्यांतल्या काहींना गावातल्या बौद्धांनी शस्त्राने तोडले आणि उरलेल्यांना सैनिकांनी गोळ्या घातल्या. दहाही देह एकाच खड्ड्यात पुरले.

ही गोष्ट जगापुढे आणली ती वा लोन आणि च्याव सो ऊ या दोन तरुण वार्ताहरांनी. त्यांतला च्याव सो ऊ हा स्वतः राखाइन बौद्ध. रांगेत बसवलेल्या त्या दहा जणांची छायाचित्रे त्यांना कोणी दिली? गावातल्याच एका बौद्ध वडीलधाऱ्याने. असे पुन्हा घडू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

आता न्याय पाहा. १२ डिसेंबर २०१७ रोजी दोन्ही वार्ताहरांना अटक झाली आणि पुढच्या सप्टेंबरात सात-सात वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी २०१८ मध्ये लष्कराने हत्या कबूल केली, पण मेलेल्यांना दहशतवादी ठरवून. सात सैनिकांना दहा वर्षांची सक्तमजुरी झाली आणि वर्षही पुरे न होता ते गुपचूप सुटले. वार्ताहर सुटले ते पाचशेहून अधिक दिवसांनी, मे २०१९ मध्ये. खून करणाऱ्यांपेक्षा खून सांगणाऱ्यांनी जास्त तुरुंग भोगला.

कोणी म्हणेल, ते नावाचे बौद्ध होते, त्यांचा धम्माशी काय संबंध? बंधूंनो, उत्तर इतके सोपे असते तर मी तुमचा वेळ घेतला नसता. ३० ऑक्टोबर २०१७ रोजी म्यानमारमधले एक अतिशय विख्यात विद्वान भिक्षू, सीतगू सयाडो, यांनी लष्करी अधिकाऱ्यांपुढे प्रवचन दिले. त्यात त्यांनी महावंसातली राजा दुट्ठगामणीची कथा सांगितली. युद्धात असंख्य माणसे मारल्यावर राजाला रात्री चैन पडेना. तेव्हा अर्हत भिक्षू आले आणि म्हणाले, राजा, शोक करू नकोस, तू फक्त दीड माणूस मारलास. एकाने त्रिसरण घेतले होते, तो एक. दुसऱ्याने फक्त पंचशील घेतले होते, तो अर्धा. बाकीचे माणसांत धरायचेच नाहीत.

दीड माणूस! हा हिशेब तुमच्या ओळखीचा नाही काय? चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, कुत्री पाणी पीत, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ओंजळ लावली की तळे विटाळे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला ते पाणी प्यायले ते तहान भागवायला नव्हे. आम्हाला माणसांच्या मोजणीबाहेर ठेवणारा हिशेब त्यांनी त्या दिवशी नाकारला. ज्या धर्माने आपल्याला मोजले नाही तो आपण सोडला. आता बुद्धाचे नाव घेऊन दुसऱ्या कोणाला मोजणीबाहेर ठेवू लागलो, तर घराचे नाव बदलले पण चूल तीच राहिली!

ग्रंथात आहे, मग मानायचे का? महावंस लिहिला गेला भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर कित्येक शतकांनी. आणि केवळ ग्रंथात आहे किंवा मोठ्या गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, हे कालामांना स्वतः तथागतांनीच सांगितले आहे.

बाबासाहेबांनी सांगितलेले सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण आठवा. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ उभा राहिला आणि म्हणाला, वैराने प्रश्न सुटत नाही. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती असा धाक होता. तरी त्याने शस्त्र घेतले नाही. परिव्राजक होऊन देश सोडला. म्हणजे बुद्ध होण्याच्या वाटेवरचे त्याचे पहिले पाऊल परक्यांविरुद्ध नव्हते. स्वतःच्या संघाच्या सैन्याला त्याने "नाही" म्हटले होते.

असे "नाही" म्हणणारे म्यानमारमध्येही झाले. मार्च २०१३ मध्ये मेइक्तिला शहरात दंगल पेटली तेव्हा ऊ विथुद्ध नावाच्या भिक्षूंनी आपल्या विहारात शेकडो मुसलमानांना आसरा दिला. जमाव दाराशी आला तेव्हा ते म्हणाले, आधी मला मारावे लागेल. विहार तोच, चीवर तेच. पण शील पाळणे म्हणजे काय ते तिथे दिसले.

आणि ज्यांना वाटले की लष्कर धम्माचे रक्षण करीत आहे, त्यांनी पुढचे पाहावे. २०२१ मध्ये त्याच लष्कराने सत्ता बळकावली. ११ एप्रिल २०२३ रोजी सागाईंग भागातल्या पाझीजी या गावात जमलेल्या लोकांवर त्याच्या विमानांनी बाँब टाकले. शंभराहून अधिक माणसे मेली. तो भाग बौद्धांचाच. शेजाऱ्याला मोजणीबाहेर काढणारी बंदूक उद्या आपल्यालाही मोजत नाही.

म्हणून त्या माऊलीला माझे उत्तर हे: बाई, धर्म बदलून तुम्ही रक्षण करणारे नाव मिळवलेले नाही. तुम्ही जबाबदारी मिळवली आहे. इन दिनमध्ये खड्डा खणणारेही बौद्ध म्हणवत होते आणि छायाचित्र देणारा वडीलधाराही बौद्धच होता. आपण कोणाच्या रांगेत उभे राहायचे, ते दीक्षेच्या दिवशी एकदाच ठरत नाही. ते रोज ठरते.

मुलांपासून हे लपवू नका. शाळेत कोणी त्यांना टोचून विचारले, तर "ते आमचे नव्हेत" असे म्हणायला शिकवू नका. "ते चुकले, आणि आमचे शील त्याच्या विरुद्ध आहे" असे म्हणायला शिकवा. घरात, चावडीवर, गिरणीच्या रांगेत कोणी एखाद्या जमातीबद्दल "ती माणसेच नव्हेत" असे बोलला, तर गप्प बसू नका. दीड माणसाचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

पुढच्या पौर्णिमेला पहिले शील घेताना इन दिनच्या त्या दहा जणांना आठवा. त्यांनी त्रिसरण घेतले नव्हते. तरी ते दहाच होते, पुरते दहा.

नमो बुद्धाय! जय भीम!